वरच्या शेतातलं बियाणं

वहिनीच्या धाकट्या दिराला सगळे रॉकेट म्हणत, कारण त्याला कधी कसली घाई नसे. ट्रॅक्टर तो अशा बेताने चालवी की मागून येणारे सायकलवालेही कंटाळून वाट काढून पुढे जात. पण साखरबीट पेरायचं तर असाच माणूस लागतो. बी बारीक, त्यावर निळा लेप चढवून केलेली गोळी, आणि यंत्र जरा जोरात पळालं की गोळ्या उड्या मारत कुठेही पडतात. वर्षभर ज्या संथपणाची घरात टिंगल व्हायची, त्याला पेरणीच्या दिवसांत भलताच भाव यायचा.

त्याच्या वहिनीचा स्वभाव अगदी उलटा. एक काम हातात आणि पुढची दोन डोक्यात. कारखान्याच्या गेटवरच्या माणसापासून बियाणांच्या दुकानदारापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. तिचा नवरा कारखान्यातच होता, गाड्यांमधून येणाऱ्या बिटांचा नमुना काढून साखरेचा उतारा तपासायच्या खोलीत. त्यामुळे शेत बघायचं ते वहिनीने आणि रॉकेटने. मामंजींनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, गुडघे गेल्यावर शेत सोडून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. सासूबाई गेल्यापासून तिथली जागा रिकामीच होती. आता तिथे त्यांचं राज्य होतं, आणि विळी-चमच्यांच्या जागा बदललेल्या त्यांना खपत नसत.

शेतं दोन. वरचं उताराचं, हलक्या मातीचं, लवकर तापणारं. खालचं ओढ्याकाठचं, भारी मातीचं, कायम दमट. मामंजींच्या काळात दोन्हीकडे एकच वाण, एकाच वेळी पेरला जाई. मातीत मूठ घातली आणि गारवा बोचेनासा झाला की यंत्र बाहेर काढायचं, हा त्यांचा नियम. नियम वाईट नव्हता. पण गेली काही वर्षं बीट लहान भरत होतं आणि खालच्या शेतात पानांवर टिक्का पडून पानं करपत होती. वहिनीच्या मनात वेगळं होतं.

"मामंजी, बीट ऊन खातं," एके दिवशी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली. "दिवस सगळ्यांत मोठे असतात तेव्हा पानांनी माती झाकलेली पाहिजे. आपली रोपं तेव्हा तळहाताएवढी असतात. निम्मं ऊन उघड्या मातीवर पडून वाया जातं."

"लवकर पेरलं तर थंडी आहे," मामंजी म्हणाले.

"थंडी सोसणारं वेगळं बी मिळतं."

"सगळ्यालाच वेगळं काहीतरी मिळतं. गुडघ्यालाही मिळतं असं डॉक्टर म्हणाला होता."

रॉकेट हसला. वहिनीने मात्र विषय सोडला नाही. बीट हे मुळात दोन वर्षांचं झाड. पहिल्या वर्षी जमिनीखाली कंद भरायचा, थंडी काढायची आणि दुसऱ्या वर्षी फुलायचं. कोवळ्या रोपाला खूप दिवस गारठा लागला तर त्याला वाटतं, थंडीचा मोसम सरला. मग ते पहिल्याच वर्षी दांडा काढतं, फुलावर येतं, आणि कंद लाकडासारखा होऊन बसतो. साखर नाही, वजन नाही. काही वाण मात्र असे फसत नाहीत. तसा वाण वर लवकर पेरायचा. खाली उशिरा पेरायचा तो टिक्का सोसणारा, त्याचे कंद मोठे होतात पण थंडीत तो कच्चा. घरात त्यांची नावंही पडली. एक 'थंडीवालं' आणि दुसरं 'पानवालं'.

"करा तुमच्या मनासारखं," शेवटी मामंजी म्हणाले. "मात्र फसलं तर मला सांगायचं. बाहेरून कळता कामा नये."

वरच्या शेतातली पेरणी झाली तो दिवस ढगाळ होता. संध्याकाळी पाऊस येणार असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. वहिनी शेडमधून खोके काढून देत होती, रॉकेट ते फोडून यंत्राच्या पेट्यांत ओतत होता. दोन्ही वाण एकाच कंपनीचे, खोके सारखे, गोळ्या निळ्याच. फरक काय तो बाजूला चिकटवलेल्या बोटभर चिठ्ठीत. पण खोके आले तेव्हा वहिनीने स्वतः ते लावले होते, थंडीवालं डावीकडे आणि पानवालं उजवीकडे. डावीकडचे उचलायचे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आभाळ काळं होत गेलं, ती हात भराभर चालवत राहिली. रॉकेट शेवटची ओळ संपवून बांधावर आला आणि पहिले थेंब पडले.

"वहिनी, आपली वेळ अगदी मोजून मापून," तो म्हणाला. दोघं भिजत, हसत घरी आली.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. खालच्या शेताचं बियाणं पुरेल ना ते बघावं म्हणून ती शेडमध्ये गेली. उजवीकडचा एक खोका सहज फिरवला आणि चिठ्ठी वाचली. मग दुसरा फिरवला. मग सगळे. उजवीकडे सगळं थंडीवालं होतं.

रिकामे खोके कोपऱ्यात चपटे करून ठेवले होते, ते तिने एकेक उलगडून पाहिले. प्रत्येकावर पानवाल्याचं नाव. आख्ख्या वरच्या शेतात, ऐन गारठ्यात, थंडी न सोसणारं बी पडलं होतं.

ती तशीच शेताकडे गेली. ओळीत गुडघे टेकून बोटाने माती उकरली. गोळी सापडली, पण लेप पावसाने विरघळून गेला होता आणि बोटांना नुसता निळा चिखल लागला. आता परत गोळा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती तिथेच बसून राहिली. तिला रडूही येत नव्हतं. आपणच हट्ट धरला, आपणच सगळ्यांना समजावलं, आणि आपल्याच हाताने माती केली.

जेवणाच्या वेळी सगळे टेबलाशी बसले तेव्हा तिने सांगून टाकलं. उगाच पाल्हाळ लावलं नाही. "वर पानवालं पेरलं गेलंय. खोके मी दिले. चिठ्ठी वाचली नाही."

रॉकेटने चमचा खाली ठेवला. "ओतलं मी. प्रत्येक खोका माझ्या हातातून गेला. मलाही वाचता येतं."

"थांबा जरा," तिचा नवरा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "शेडचं छत गळत होतं ना मागच्या आठवड्यात? मी खोके हलवले होते. थप्प्यांची अदलाबदल मीच केली. सांगायचं राहून गेलं."

"तू हलवले असलेस तरी वाचायचं काम माझं होतं," वहिनी म्हणाली.

"पण सांगायचं काम माझं होतं."

"आणि बघायचं माझं," रॉकेट म्हणाला.

मामंजींनी भांडं पुढे सरकवलं. "सूप गार होतंय. भांडण अपराधाच्या वाटणीचं आहे असं दिसतंय. एवढ्या हौसेने या घरात कोणी कधी काही वाटून घेतलेलं मी पाहिलं नाही. आधी जेवा. मग त्या कारखान्याच्या बाईंना फोन लावा."

कारखान्याच्या शेती विभागातल्या बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. शेत बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती माती. तरी त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या, जमिनीत थर्मामीटर खुपसून पाहिला आणि मग बांधावर वहिनीशेजारी बसल्या.

"बाई, स्पष्ट सांगा. गेलं का पीक?" वहिनीने विचारलं.

"गेलं असं आज मी म्हणणार नाही. राहिलं असंही म्हणणार नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे नांगर फिरवायचा आणि थंडी सरली की दुसरं बी आणून पेरायचं. त्यात धोका नाही, पण लवकर पेरण्याचा सगळा फायदा जाईल आणि पेरलेलं बी वाया जाईल. दुसरी वाट म्हणजे थांबायचं. तुमचं हे पानवालं थंडीला कच्चं आहे, पण अगदी मेणाचं नाही. थोडा गारठा सोसतं. आठवडेच्या आठवडे गारठा टिकला तर मात्र दांड्यांचं रान होईल. मध्ये चांगले उबेचे दिवस आले तर रोप लागलेली थंडी बरीचशी विसरतं."

"रोप विसरतं?"

"माणसापेक्षा बरं विसरतं," बाई म्हणाल्या. "खालचं पेरायला घ्याल तोवर ठरवलंत तरी चालेल. तेव्हा यंत्र बाहेर असेलच."

मग थंडी पडली. सकाळी गवतावर हिमाची पांढरी साय दिसे, आणि मामंजी खिडकीशी उभे राहून चहा पीत. रोपं मात्र उगवून आली होती. दोन दोन पानांची, नीट अंतरावर, ओळीत एकही खाडा नाही. एरवी अशी उगवण बघून वहिनी नाचली असती. आता ती प्रत्येक रोपाकडे संशयाने बघे, जणू त्याच्या मनात काय चाललंय ते पानांवर वाचता येईल.

खालच्या शेताची माती सुकून वाफशावर आली आणि ठरवायची वेळ झाली.

"नांगरून टाकू, वहिनी," रॉकेट म्हणाला. "जिवाला घोर लावून बसण्यापेक्षा बरं. मी उद्या नांगर जोडतो."

नवऱ्याचं मत होतं की थांबावं, पण खोके आपणच हलवले म्हणून तो जोर लावून बोलेना. मग मामंजी उठले. काठी घेतली, गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि म्हणाले, "मला वर घेऊन चला."

गेल्या कित्येक महिन्यांत ते वरच्या शेताकडे फिरकले नव्हते. रॉकेटने त्यांना ट्रॅक्टरवर बसवून नेलं. बांधावर उतरून ते ओळीच्या कडेने हळूहळू चालत राहिले. मधेच थांबत, वाकता येत नाही म्हणून काठीच्या टोकाने रोपाभोवतीची ढेकळं बाजूला सारत. वहिनी मागे होती.

"मी पेरायचो तेव्हा या दिवसांत इथे काळी माती असायची," ते म्हणाले. "अशी भरलेली ओळ एवढ्या लवकर मी कधी पाहिली नाही. नांगर घालायचा म्हटलं तर माझा हात धजावणार नाही."

"मग ठेवू म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. तू ठरव. फुललं तर फुललं. मग मी काठी घेऊन दांडे मोडायला येईन. पण ठरवलंस की मागे वळून बघायचं नाही आणि रोज स्वतःला चाबूक मारायचे नाहीत. तेवढं माझं ऐक."

वहिनीने वाकून एका रोपाजवळची माती बोटांनी दाबली. मग म्हणाली, "ठेवू."

"झालं तर मग," मामंजी म्हणाले. "रॉकेट, घरी चल. ओव्हनमध्ये पाव आहे."

खाली शिल्लक राहिलेलं थंडीवालं पेरलं. त्याला टिक्क्याची भीती, म्हणून बुरशीनाशकाची फवारणी वेळेवर करायची असं बाईंनी बजावलं होतं. मागे वळून न बघण्याचं मात्र वहिनीला काही जमलं नाही. ती रोज सकाळी वर चक्कर मारे आणि घरी आल्यावर कुणी काही विचारत नसे.

मग एका दुपारी वारा फिरला. घरातल्यांनी स्वेटर काढून खुर्च्यांच्या पाठीवर टाकले, ते तिथेच राहिले. असे ऊबदार दिवस एकामागून एक येत गेले. वरच्या शेतात पानं झपाट्याने मोठी झाली. ओळींमधली माती रोज थोडी थोडी दिसेनाशी होत गेली, आणि दिवस सगळ्यांत मोठे झाले तेव्हा बांधावरून बघणाऱ्याला हिरव्याशिवाय काही दिसत नव्हतं. वहिनीला हवं होतं ते नेमकं हेच. पण आनंद करावा की न करावा ते तिला कळेना. दांडे येणार असतील तर आताच येणार होते.

पहिला दांडा रॉकेटला दिसला, ट्रॅक्टरच्या उंच बैठकीवरून. तो घरी येऊन दारात उभा राहिला आणि नुसता डोक्यावरची टोपी चाचपू लागला. वहिनीला काही विचारावं लागलं नाही. "किती?" एवढंच ती म्हणाली.

"तू ये. बघ."

ती चपला न घालता तशीच पळाली. हिरव्या पानांच्या वर ठिकठिकाणी दांडे उभे होते, कमरेएवढे, टोकाला कळ्यांचे गुच्छ. ती आत शिरली आणि चालत राहिली, तसं तिच्या लक्षात आलं की दांडे पसरलेले नव्हते. झाडांच्या रांगेमागच्या खोलगट पट्ट्यात, जिथे सकाळचं ऊन उशिरा पोचतं आणि गारठा साचून राहतो, तिथे ते दाट होते. बाकीच्या उतारावर एखादा इथे, एखादा तिथे, बोलावलेल्या जागी चुकून लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखा.

बाई त्याच दिवशी आल्या. त्यांनी उतारावर चार-पाच ठिकाणी आत जाऊन, झाडांचे गाभे उलगडून, बोटांनी चाचपून पाहिले. वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"गाभ्यात काही नाही," बाई म्हणाल्या. "इथे नाही, तिथेही नाही. आणखी थोडे दिवस एखाददुसरा निघेल. पण रान होणार नाही, वहिनी. थंडी आली होती, पण उबेने वेळेवर हात दिला. हे दिसताहेत ते बी धरण्याआधी उपटून बाहेर टाका, म्हणजे पुढच्या वर्षी तण होऊन छळणार नाहीत."

"म्हणजे पीक..."

"पीक आहे. चांगलं आहे. सुटलात तुम्ही."

वहिनीने "बरं" म्हटलं. मग परत "बरं" म्हटलं. मग तिला एकदम हुंदका फुटला, आणि पेरणीपासून अडून राहिलेलं सगळं रडू तिने त्या पानांत उभं राहून रडून घेतलं. बाई शेजारी उभ्या राहून पाण्याची बाटली उघडत होत्या. रॉकेट गडबडून गेला. "चांगलं आहे म्हणताहेत ना त्या?" तो म्हणाला. "मग रडतेस कशाला?"

"आता रडायला हरकत नाही म्हणून," वहिनी म्हणाली आणि रडता रडताच हसायला लागली.

दांडे उपटायला सगळं घर उतरलं. नवऱ्याने सुट्टी घेतली. मामंजी बांधावर खुर्ची टाकून बसले आणि लांबून दांडे दाखवू लागले, "तो बघ, तुझ्या डावीकडे! डावीकडे रे, तुझी डावी, माझी नव्हे!" दांडे चिवट निघाले. ते ओढताना रॉकेट दोनदा पाठीवर आपटला आणि दोन्ही वेळा आपण मुद्दाम पडलो असं त्याने सांगितलं. संध्याकाळी बांधावर ढीग लागला. एक कंद नवऱ्याने चाकूने कापायला घेतला, तो कापवेना.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "सगळं शेत असं झालं असतं."

"नको दाखवूस," ती म्हणाली आणि तो कंद हातातून घेऊन लांब फेकून दिला.

खाली टिक्का आलाच. पण ठिपके दिसता दिसताच फवारणी झाली आणि बहुतेक पानं शेवटपर्यंत हिरवी राहिली.

काढणीच्या दिवसांत गाड्या एकामागून एक कारखान्याकडे गेल्या. घरच्या गाडीचा नमुना नवऱ्याने तपासायचा नाही असा तिथला नियम होता, म्हणून तो खोलीबाहेर उभा राहिला आणि सहकाऱ्याने दारातून आकडा सांगताच त्याने तिथूनच फोन लावला. वहिनी तेव्हा अंगणात चिखलाचे बूट धूत होती.

"ऐकतेस का? वरच्या शेताचं वजन काट्यावर पाहिलं. बाबांनाही आठवत नसेल एवढं आहे. काट्यावरचा माणूस म्हणाला, हे एकाच शेतातलं का?"

"आणि उतारा?" तिने विचारलं.

"उतारा खालच्यापेक्षा थोडा कमी. खालचं थंडीवालं वजनाला हलकं पण गोड निघालंय. बाई म्हणत होत्या, पुढच्या वेळी दोन्ही वाण आपापल्या जागी पडू देत, मग बघा."

"नक्की ना? परत बघितलंस?"

"अगं, मी बाहेर उभा होतो. मला हात लावू देत नाहीत. पण त्याने दोनदा तपासलंय, तुझ्या वतीने मीच सांगितलं होतं."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने आत जाऊन मामंजींना सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "लवकर पेरायचं म्हणत होतीस ते बरोबर होतं. मी उगाच एवढी वर्षं माती चाचपत बसलो."

"पण वरचं पीक नांगरापासून तुम्हीच वाचवलंत, मामंजी."

"मी पावाची आठवण केली फक्त," ते म्हणाले.

ती टेबलाशी बसली. जरा वेळ बसावं, मग उरलेले बूट धुवावेत, असा तिचा विचार होता. स्वयंपाकघरात ऊब होती, पातेल्यात काहीतरी मंद रटरटत होतं, आणि पुढचं कुठलंही काम तिच्या डोक्यात नव्हतं. तिने हातांवर डोकं टेकलं.

रॉकेट दार ढकलून आत आला, तोंड उघडलं, तर मामंजींनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी रेडिओ बंद केला, आणि खुर्चीच्या पाठीवरचं जाकीट उचलून तिच्या खांद्यांवर टाकलं.

"झोपू दे तिला," ते हळूच म्हणाले. "ताटं तू मांड. आवाज न करता."